कोड झाकायचा तो कुणापासून?

मागच्या अंकात एका उत्तरात मी लिहिलं होतं की कोड ऑब्फस्केट केला म्हणजे तो सुरक्षित झाला असं समजू नका, आणि त्या एका ओळीवर खानापूरपासून अथणीपर्यंत इतक्या जणांनी विचारलं की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला देतेय. ज्यांना शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी: ऑब्फस्केट करणं म्हणजे प्रोग्रामचं काम जसंच्या तसं ठेवायचं, खरं त्याचा कोड माणसाला वाचता येऊ नये असा गुंतवून टाकायचा.

प्रश्न : अक्का, मी खानापूरची, बेळगावात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांचं मार्केट यार्डात रताळ्याचं अडत दुकान आहे, त्यांच्यासाठी मी पायथॉनमध्ये शेतकऱ्याची पट्टी काढायचा प्रोग्राम केलाय, स्क्रीन पायक्यूटीमध्ये (खिडक्या-बटणं करायची लायब्ररी) आहे. आता शेजारचे तीन अडते पण मागायला लागलेत. मामा म्हणतात एकाला दिलास की पेनड्राइव्हवरून सगळ्या यार्डात जाईल, मग पैसे कोण देणार? वर्गातली मुलं म्हणतात ऑब्फस्केट कर. कुठलं टूल वापरू?

उत्तर : आधी मनापासून शाबासकी. चालत्या दुकानात रोज वापरला जाणारा प्रोग्राम शेवटच्या वर्षाला लिहिणं लहान काम नाही.

आता टूलच्या आधी हे काय असतंय ते बघू. लहानपणी आपण चची भाषा बोलायचो बघ, पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च लावायचा, पाणी म्हणजे चाणीप, घर म्हणजे चरघ. मोठ्यांना पहिल्यांदा कळायचं नाही, आणि नियम कळला की दोन मिनिटात ते पण बोलायला लागायचे. ऑब्फस्केशनची जात तीच. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत पण चालतात, म्हणून तुझ्याच पट्टीची एक ओळ घेते:

पट्टी = वजन * दर - हमाली - तोलाई

हीच ओळ टूलमधून गेली की अशी होईल:

क = ख * ग - घ - च

आणि टूल अजून वरचढ असलं तर अशी:

क = (ख * ग) + (-घ) + (-च) + (ज * (ज + 1) % 2)

शेवटचा कंस बघ. ज मध्ये कुठलाही पूर्णांक असू दे, लगतच्या दोन संख्यांचा गुणाकार नेहमी सम येतो, त्याला दोननं भागलं की बाकी शून्य, म्हणजे तो कंस हिशोबात काहीच करत नाही, नुसता वाचणाऱ्याचा वेळ खातो. अशाच हिशोबावर जरची अट बांधली, की जी कायम खरीच असते खरं बघणाऱ्याला ते कळत नाही, तर तिला ओपेक प्रेडिकेट म्हणतात. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात कोलबर्ग, थॉम्बरसन आणि लो या तिघांनी १९९७ मध्ये अशा सगळ्या युक्त्यांची नीट वर्गवारी केली. अशा युक्त्या जोखायला चार मापं धरतात: माणूस किती गोंधळतो, उलट काम करणारं टूल किती अडतं, झाकलेला भाग बाकीच्या कोडात किती मिसळून जातो, आणि प्रोग्राम किती हळू होतो. चौथं माप लोक विसरतात. मामांच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर आणि लिलाव संपल्यावर काउंटरला लागलेली शेतकऱ्यांची रांग डोळ्यासमोर आण, तिथं पट्टी चार सेकंद उशिरा निघाली तर मामाच तुला बोलतील.

पायथॉनचं सांगायचं तर पायइन्स्टॉलर या टूलनं एक्सई (थेट चालणारी फाइल) केली म्हणजे कोड मशीनच्या भाषेत गेला असं बऱ्याच मुलांना वाटतं. तसं नसतंय. त्या एक्सईच्या पोटात पायथॉन स्वतः आणि तुझा बाइटकोड (पायथॉनला चालवायला तयार केलेलं तुझ्या कोडचं रूप) गुंडाळून ठेवलेला असतो, तो बाहेर काढायची टूल फुकट मिळतात, आणि बाइटकोडवरून मूळ कोड बराचसा परत उभा करता येतो, व्हेरिएबलच्या नावांसकट, फक्त तुझ्या कॉमेंट जातात. सायथॉन किंवा नुइटका वापरलंस तर कोड आधी सी भाषेत आणि मग खरंच मशीनकोडमध्ये जातो, तो उलगडणं पुष्कळ जड. पायआर्मर म्हणून खास याच कामाचं टूल पण आहे. एक त्रास आधीच सांगून ठेवते, अशा गुंडाळलेल्या एक्सईला अँटीव्हायरस बऱ्याचदा व्हायरस समजून उडवतो, आणि मग अडत्याचा फोन तुला येतो.

खरं थांब. मामांची भीती काय होती, पेनड्राइव्हची. पेनड्राइव्हला कोड वाचता यायची गरजच नाही ना! कितीही गुंतवलेली एक्सई जशीच्या तशी कॉपी होते आणि दुसऱ्या दुकानात जशीच्या तशी चालते. ऑब्फस्केशन कोड वाचणाऱ्याला अडवतं, कॉपी करणाऱ्याला नाही, आणि यार्डात तुझा कोड वाचत बसणारा कोण आहे सांग.

मी तुझ्या जागी असते तर हे केलं असतं. प्रत्येक दुकानाला एक छोटी लायसन्स फाइल द्यायची, त्यात दुकानाचं नाव, गाळा नंबर आणि मुदत, आणि त्यावर तुझी डिजिटल सही. सही करायची खाजगी किल्ली फक्त तुझ्याकडं, प्रोग्राममध्ये नुसती तपासायची सार्वजनिक किल्ली. पट्टीवर सगळ्यात वर दुकानाचं नाव त्याच फाइलमधून छापायचं. शेजारच्या दुकानाचं नाव छापलेली पट्टी कुठला अडत्या शेतकऱ्याच्या हातात देईल? कोणी हुशार माणूस ती तपासणीच काढून टाकेल म्हणशील, तर हो, काढता येते, आणि तेवढ्या एका भागापुरतं सायथॉन वापर, तिथं त्याचा उपयोग आहे. बाकी हमालीचे दर बदलतात, नवीन प्रिंटर येतो, मार्चअखेरचा हिशोब लागतो, ते सगळं तूच करून देणार म्हणून लोक दरवर्षी पैसे देतील, तो करार कागदावर कर.

आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. पायक्यूटी फुकट मिळतं ते जीपीएल लायसन्सखाली. ते वापरून प्रोग्राम दुसऱ्याला दिलास की त्याला सोर्स (मूळ कोड) पण द्यायला लागतोय, आणि जीपीएलमध्ये सोर्सची व्याख्याच अशी आहे की बदल करायला जे रूप सोयीचं ते, म्हणजे गुंतवलेला कोड दिला तर तो सोर्स दिला असं होत नाही. तुला कोड झाकायचा असेल तर एकतर पायक्यूटीचं विकतचं लायसन्स घे, नाहीतर पायसाइड या तसल्याच लायब्ररीवर ये, तिचं लायसन्स एलजीपीएल आहे, त्याला पण अटी आहेत खरं तुझा स्वतःचा कोड उघडायला लावत नाही. बदल फारसा नाही, दोन-तीन दिवसाचं काम. हे तीन अडत्यांना प्रोग्राम द्यायच्या आधी कर.

प्रश्न : मॅडम, मी निपाणीजवळच्या शाळेत शिक्षक आहे, शाळेची वेबसाइट वर्डप्रेसवर मीच बघतो. परवा एका फाइलच्या वरच्या ओळीत पानभर निरर्थक अक्षरं दिसली, आणि एक जावास्क्रिप्टची फाइल पण सगळी एका ओळीत आहे. दोन्ही व्हायरस आहेत का?

उत्तर : दुसरी बहुतेक नाही, पहिली बहुतेक आहे.

एका ओळीत असलेली जावास्क्रिप्ट म्हणजे मिनिफाय केलेली, फाइलच्या नावात शेवटी मिन असं असेल तर जवळजवळ नक्कीच. मोकळ्या जागा, कॉमेंट काढून, नावं आखूड करून फाइल लहान केलेली असते, कारण आपल्या गावातल्या रेंजमध्ये साइट लवकर उघडली पाहिजे. लपवायचा हेतू नसतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमध्ये महिरपी कंसाचं बटण दाबलं की ती नीट ओळी पाडून दिसते, मुलांना पण दाखवा.

पहिल्या फाइलची भीती मात्र रास्त आहे. पीएचपी (वर्डप्रेसची भाषा) फाइलच्या डोक्यावर इव्हॅल (मजकूर कोड म्हणून चालवणारी सूचना), त्याच्या पोटात बेस-सिक्स्टीफोर-डीकोड आणि पुढं लांबलचक अक्षरांची माळ, असं असेल तर कोणीतरी घुसून ते ठेवलंय असंच धरून चाला. बेस-सिक्स्टीफोर हे काही कुलूप नाही, नुसती लिहायची वेगळी पद्धत आहे, उलटं करायला किल्ली लागत नाही, चोर ते वापरतात ते तुमच्या डोळ्यांपासून आणि साध्या स्कॅनरपासून सुटायला. काय लिहिलंय बघू म्हणून ती फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवू नका. साइट थोडा वेळ बंद ठेवा, होस्टिंगचे, डेटाबेसचे आणि ॲडमिनचे पासवर्ड बदला, वर्डप्रेस आणि प्लगइन ताजे डाउनलोड करून पुन्हा टाका, आणि अपलोड फोल्डरमध्ये एकही पीएचपी फाइल असता कामा नये, तिथं फक्त फोटो आणि पीडीएफ असायला पाहिजेत. नुसती ती ओळ पुसून गप्प बसू नका, मागचं दार उघडं असेल तर आठवड्यात परत येते.

असल्या लपवाछपवीमुळंच क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या दुकानात ऑक्टोबर २०१८ पासून ऑब्फस्केट केलेला कोड घेणंच बंद केलंय, मिनिफाय केलेला चालतो. मला तो निर्णय बरोबर वाटतो. दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये बसणारा कोड तपासणाऱ्याला वाचता आलाच पाहिजे.

प्रश्न : ताई, वडगावातून लिहितोय. आमच्या साड्यांच्या दुकानाचं अँड्रॉइड ॲप मी केलंय, त्यात नकाशाची एपीआय की (ती सेवा वापरायची किल्ली, बिल तिच्यावर येतं) आहे. ॲप ऑब्फस्केट केलं होतं, तरी ती की कोणीतरी काढून वापरली आणि मला बिल आलं. कुठं चुकलं?

उत्तर : आधी ती की आजच्या आज बंद करून नवीन काढा, बाकीचं वाचणं नंतर.

अँड्रॉइड स्टुडिओमध्ये २०१९ पासून ऑब्फस्केट करायला प्रोगार्डच्या जागी आर-एट हे टूल आलंय. ते क्लासची, फंक्शनची नावं बदलतं आणि न लागणारा कोड काढून टाकतं. अवतरण चिन्हात लिहिलेला मजकूर ते झाकत नाही. तुमची की मजकूरच आहे, जॅडएक्ससारख्या फुकट टूलमध्ये ॲप उघडून शोधलं की सापडते. नवीन कीला तुमच्या ॲपचं पॅकेज नाव आणि डिजिटल सहीचा फिंगरप्रिंट (ओळखीचा आकडा) जोडून टाका, रोजच्या वापराला मर्यादा घाला. पैशाच्या व्यवहाराची की असेल तर ती ॲपमध्ये ठेवायचीच नाही, ती तुमच्या सर्व्हरवर, ॲपनं सर्व्हरला विचारायचं. आणि आर-एट प्रत्येक बिल्डला मॅपिंग नावाची फाइल काढतं, जुन्या नावाचं नवीन नाव काय झालं ते त्यात असतं, ती जपून ठेवा, नाहीतर गिऱ्हाइकाच्या फोनवर ॲप बंद पडलं की तो एरर तुम्हाला पण वाचता येणार नाही.

प्रश्न : मी अथणीचा, पोस्टातून रिटायर झालोय. नातू सांगतो की न वाचता येणारा कोड लिहायची जगात स्पर्धा असते. खरं आहे का? आणि कुणालाच कधी उलगडणार नाही असा कोड करता येतो असं गणितात आहे का?

उत्तर : नातू बरोबर सांगतोय. सी भाषेतली ही स्पर्धा १९८४ मध्ये लँडन कर्ट नॉल आणि लॅरी बॅसल या दोघांनी सुरू केली. दुसऱ्यांचा अवघड कोड वाचून दोघं इतके वैतागले होते की मुद्दाम त्याहून वाईट लिहून दाखवा म्हणून त्यांनी आवाहनच केलं. पहिल्याच वर्षी दोघांनी मिळून मुख्य फंक्शनच्या जागी नुसती आकड्यांची यादी ठेवली, ते आकडे म्हणजे थेट मशीनच्या सूचना, आणि तो प्रोग्राम दोन वेगवेगळ्या जातीच्या कॉम्प्युटरवर चालत होता. मला सगळ्यात आवडतो तो १९८८ चा ब्रायन वेस्टलीचा. कोड पडद्यावर गोल आकारात लिहिलाय, आणि चालवला की तो स्वतःच्याच गोलाचं क्षेत्रफळ मोजून पायची (π) किंमत काढतो. जास्त अचूक पाहिजे तर गोल मोठा काढायचा. मी तो पहिल्यांदा बघितला त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही. नातवाला म्हणावं तो कागदावर काढून एकेक चिन्ह सोडव, सीची जितकी ओळख त्यातून होते तितकी वर्गात होत नाही.

गणिताचं उत्तर जरा वळणाचं आहे. २००१ मध्ये बोआझ बराक आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की कुठल्याही प्रोग्रामला घालता येईल आणि आतलं काहीही कळू देणार नाही असं सर्वांना चालणारं झाकण असूच शकत नाही. त्यांनी असे प्रोग्राम बांधून दाखवले की कोड कसाही गुंतवा, तो हातात असला की नुसत्या प्रश्नोत्तरातून (आकडा घालून उत्तर बघण्यातून) जे कळलं नसतं ते कळतंच. मग लोकांनी अपेक्षा कमी केली. एकच काम करणारे, सारख्याच आकाराचे दोन प्रोग्राम असतील आणि त्यातला एक झाकला, तर आत दोघांपैकी कुठला आहे हे कळू नये, एवढंच मागायचं. त्याची पहिली रीत २०१३ मध्ये सुचवली गेली, आणि २०२० मध्ये आयुष जैन, हुइजिया लिन आणि अमित सहाय या तिघांनी ती भरवशाच्या गृहीतकांवर उभी करून दाखवली. काम मोठं आहे, फक्त रोजच्या प्रोग्रामला लावायच्या वेगाच्या जवळपास पण ते अजून नाही. बाजारात जी टूल मिळतात त्यांचा या गणिताशी संबंध नाही, ती आपल्या चच्या भाषेच्याच घराण्यातली.

पोस्टात तुम्ही सिक्का आणि लाख बघितलीय म्हणून अजून एक. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषातज्ज्ञानं १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की गुप्त लिपीची पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी अडायला नको, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. कुलूप आतून कसं असतं हे सगळ्या अथणीला माहीत असलं तरी चालतं, किल्ली तुमच्या कमरेला आहे ना. वडगावच्या वाचकाचं ॲप झाकलेलं होतं आणि किल्ली दाराला लटकत होती.

प्रश्न : दुसऱ्याचा प्रोग्राम उलगडून बघितला तर गुन्हा होतो का? (हुक्केरी)

उत्तर : थोडक्यात सांगते, वकिलाला विचारायचं ते विचाराच. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये प्रोग्रामला साहित्यकृती धरलंय, म्हणजे लिहिणाऱ्याचा हक्क आयुष्यभर आणि त्यानंतर ६० वर्षं. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये, रीतसर घेतलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती काढणं, किंवा तो कसा चालतो याचा अभ्यास करणं, याला अटींसह मुभा आहे. उलगडून तोच माल आपल्या नावानं विकायला नाही.

प्रश्न : अक्का, शहापूरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. बिलाचा पीएचपी प्रोग्राम एका मुलानं करून दिलेला, तो आता बेंगळूरला, फोन उचलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ झाला तेव्हापासून सिमेंटचं बिल हातानं करतोय. फाइल उघडली तर सगळा गिचमिड कोड. काय करू?

उत्तर : तुमचं वाचून मला २०१७ आठवलं. १ जुलैला जीएसटी आला, शनिवार होता, आणि पुढच्याच आठवड्यात असल्याच एका रंगाच्या दुकानातून मला फोन, अक्का गिऱ्हाईकं थांबल्यात, बिल होईना. जाऊन बघितलं तर प्रोग्राम अजून साडेचौदा टक्के व्हॅट लावत होता, आणि यांचा माल चंदगडला पण पोचवायचा असायचा, म्हणजे महाराष्ट्रात, तिथं आयजीएसटी वेगळा. लिहिणाऱ्यानं फाइल बंद केलेली. पहिली ओळ इव्हॅल, आत जीझेड-इन्फ्लेट (दाबून लहान केलेलं परत फुगवणारं), आत बेस-सिक्स्टीफोर. मी ती कॉपी वेगळ्या लॅपटॉपवर घेतली, नेट बंद केलं, इव्हॅलच्या जागी प्रिंट लिहिलं, तर आतून परत तेच. परत केलं, परत तेच. अकराव्या पदराला मूळ कोड निघाला, एकदम साधा, ०.१४५ चार ठिकाणी आणि १.१४५ एका ठिकाणी. त्याच्याच वर लिहिणाऱ्याची स्वतःची कॉमेंट होती, राउंडिंग बघायला पाहिजे म्हणून. दुकानदार तीन वर्षं सांगत होता की बिलात रुपया इकडंतिकडं होतो. तो रुपया तिथं होता.

मला त्या कामाला एक संध्याकाळ लागली. दुकानदाराचे मात्र सहा दिवस हातबिलात गेले. त्याच्या वाट्याला तो कोड म्हणजे ट्रंकेत निघालेलं मोडीतलं खरेदीखत झाला होता, जमीन आपली, कागद आपला, आणि वाचणारा शोधत गावभर फिरायचं. त्या दिवसापासून मी माझ्या एकाही गिऱ्हाइकाला बंद कोड दिलेला नाही.

तुमच्याकडं दोन शक्यता आहेत. वर सांगितला तसा नुसता गुंडाळलेला कोड असेल तर कुठलाही बरा पीएचपीवाला तो उलगडून दर बदलून देईल, आणि या वेळी दर कोडात न ठेवता टेबलमध्ये ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच बदलाल. आयनक्यूबसारख्या कोड बंद करणाऱ्या टूलनं बंद केलेला असेल तर त्यात तयार बाइटकोड असतो, चालवायला त्यांचा लोडर लागतो, तिथं उलगडायच्या नादाला लागू नका. तुमचा डेटा मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आहे, मालाची यादी, उधारी, जुनी बिलं, ते सगळं तुमचं आणि ते बहुतेक झाकलेलं नसतं. त्याची आज कॉपी काढा, एक दुकानात, एक घरी, आणि त्यावर नवीन प्रोग्राम बसवून घ्या.

नवीन माणसाशी बोलताना एवढं लिहून घ्या: सोर्सची वाचता येईल अशी कॉपी पेनड्राइव्हवर, सीलबंद पाकिटात, पाकिटावर तारीख आणि दोघांच्या सह्या. तो गाव सोडून गेला किंवा महिनाभर त्यानं उत्तर दिलं नाही तर पाकीट उघडायचा हक्क तुमचा, तेवढ्याच दुकानापुरता वापरायचा, दुसऱ्याला विकायचा नाही. दर मोठ्या बदलाला नवीन पाकीट. मी हे करते आणि आजवर कुणी माझा कोड विकलेला नाही.

आता फाइल मला पाठवू नका. ती नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्या ओळीत इव्हॅल दिसतंय की आयनक्यूबचं नाव दिसतंय तेवढं कळवा, मग पुढचं बोलू.